डोंगर न मानवलेली पोर

लिफ्टवाले काका आपल्या पोरीचं कौतुक सांगायला लागले, की ऐकणाऱ्याचा मजला येऊन जायचा, पण कौतुक संपायचं नाही. लिफ्ट दुरुस्त करायला जात त्या प्रत्येक इमारतीत त्यांनी सांगून ठेवलं होतं, की आमची ठेंगू दहा हजार मीटर धावते आणि एक दिवस देशाकडून धावणार. पोर अंगानं काडी आणि उंचीनं बेताची, म्हणून ठेंगू. प्रशिक्षकांनी तिला ‘उंचीच्या शिबिराला’ पाठवायचं ठरवलं, तेव्हा काकांनी सरळ अर्थ घेतला, की पोर हातभर वाढून येणार. ही उंची डोंगराची आहे हे कळेपर्यंत ठेंगूच्या आत्यानं चार बोटं लांब ट्रॅकपॅन्ट शिवूनही टाकली होती.

प्रशिक्षकांनी मग नीट समजावलं. डोंगरावर हवा विरळ, म्हणून शरीर रक्त वाढवतं. खाली उतरलं की त्याच रक्ताच्या जोरावर दम टिकतो. पटण्यासारखं होतं. बरोबरच्या दोघी खरोखरच वेगवान होऊन परतल्या. ठेंगू मात्र उतरली ती पांढराफटक चेहरा घेऊन. वर तिला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, जोरात पळवत नव्हतं, आणि रक्त होतं तेवढंच राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना मानवतं, काहींना नाही. पुढच्या खेपेला मानवेलही, सांगता येत नाही.

पुढची खेप नेमकी निवडीच्या शर्यतीआधी आली. शर्यतीतल्या पहिल्या दोघी देशाच्या संघात जाणार होत्या. ठेंगूनं प्रशिक्षकांना सांगितलं, मी इथंच सराव करते. त्यांनी अडवलं नाही, पण हरलीस तर मला बोल लावू नकोस, एवढं बजावलं.

घरी हे कळलं आणि काकांचं तोंड उतरलं. मजल्यामजल्यावर डोंगराच्या बढाया मारून झाल्या होत्या, आता सांगणार काय? रागाच्या भरात ते बोलून गेले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

पोर रडली नाही. बुटाची नाडी सोडत म्हणाली, "बाबा, अंगण वाकडं नाहीये. बाकीच्या नाचल्याच की तिथं. मला तिथं नाचता येत नाही, इथं येतं. एवढंच म्हणतेय मी."

आपण काय बोलून बसलो, ते काकांना जेवायला बसल्यावर कळलं. माफी मागायची या माणसाला सवय नव्हती. दुसऱ्या सकाळपासून ते पाण्याची बाटली घेऊन सायकलवर तिच्या मागे निघाले. धापा तेच टाकायचे.

शर्यतीत डोंगरावरून आलेली एक जण सुरुवातीलाच पुढे निघाली आणि कुणाच्या हाती लागली नाही. तिला डोंगर फळला होता, यात शंकाच नको. दुसऱ्या जागेसाठी शेवटच्या फेरीत दुसरी डोंगरवाली आणि ठेंगू खांद्याला खांदा लावून धावत होत्या. काका जीव मुठीत धरून उभे. शेवटचं वळण संपलं आणि ठेंगू जी सुटली, ती रेषा ओलांडूनच थांबली. काकांचा ऊर भरून आला, डोळेही.

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, ही दुसरी आलेली बुटकी कुठल्या डोंगरावर होती?

"कुठल्याच नाही," काका म्हणाले, आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात छाती काढून पुढे म्हणाले, "माझी मुलगी आहे. तिला डोंगर मानवत नाही."