सेहेचाळिसाव्या वर्षी हातांवर

वडील मला ओळखेनासे झाले त्याला आता दुसरं वर्ष लागलं. दर रविवारी मी शहाद्याहून पुरुषोत्तमनगरला भावाकडे जाते, नानांसमोर बसते आणि ते वहिनीला विचारतात, "ह्या बाई कोन शेतस?" आधी रडू यायचं. मग राग यायला लागला, आणि तो काढायचा कोणावर तेही कळेना.

नाना साखर कारखान्यात होते. संध्याकाळी कॉलनीतल्या पोरांना बगॅसच्या ढिगाशी हातांवर चालायला शिकवायचे. उसाचा तो चोथा मऊ, पडलं तरी लागत नसे. गेल्या दिवाळीत टीव्हीवर कुणी मुलगा तसा उलटा चालत होता. सगळं विसरलेले नाना ताडकन ताठ बसले आणि ओरडले, "मान वर कर रे!" त्याच दिवशी माझ्या डोक्यात खूळ शिरलं. मी असं चालून दाखवलं तर मलाही ओळखतील.

मग काय, ऑफिसातून आलं की सलवारीचे पाय घोट्याशी नाडीने बांधायचे आणि भिंतीला टाचा टेकायच्या. दोन महिने नुसती आपटत होते. मनगटं सुजली, की-बोर्डवर बोटं ठेववेनात. भिंतीवरचे डाग पाहून घरमालकीण म्हणाली, "ताई, भूत नाचस का घरमा?" मला हसू आलं नाही. रोज पडल्यावर फरशीवर तशीच पडून राहायची, आणि वाटायचं, हे सगळं फुकट जाणार आहे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी.

होळीनंतरच्या एका रविवारी, सकाळी, भावाच्या अंगणात नानांच्या खाटेसमोर मी हातांवर उभी राहिले. एक, दोन, पाच पावलं. खाट करकरली. नाना उठून आले आणि त्यांनी माझे घोटे धरले. त्यांचे हात अजून घट्ट होते.

"पाय जोड. हां, अशी," ते म्हणाले. "कोनी पोर शे वं तू?"

रक्त सगळं डोक्यात उतरलं होतं.

"मन्ही पोरनी बी हट्ट धरा व्हता," ते सांगू लागले. "पोरीस्नं काम नही, म्हनी मी तिले घर धाडी दिनं. चुकनं मन्हं."

खरं होतं. मी तेव्हा तिसरीत होते, आणि त्यांच्या ते लक्षात असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. मी पाय सोडवून घेतले, धपकन खाली बसले, त्यांचे हात धरले. "नाना, ती मीच शे. देखा ना मन्हाकडे."

त्यांनी पाहिलं. अगदी नीट पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, मायेने.

"नही वं माय. ती ते ल्हानी शे," ते म्हणाले. "यी आते शाळामाईन." आणि फाटकाकडे तोंड करून तिची वाट बघत बसले.