अडीच फुटांचं दार

धसईच्या बाजारात भाजीचा टेम्पो भरत होता. मला भेंडीच्या करंड्यांवर बसवायचं की मागच्या फळीला लटकवायचं, यावर दत्तू ड्रायव्हर आणि माझे बाबा यांची हुज्जत चालली होती. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णव असेल. मी विशीत होतो आणि निघायची मलाच घाई होती. शेवटी दोन करंड्यांमधल्या फटीत मला कोंबलं आणि मांडीवर हत्यारांची पिशवी दिली. तिच्यात रंधा, पटाशी, करवत, गुण्या असं सगळं बाबांचं होतं. बाबा सुतार. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची. निघताना ते म्हणाले, "हत्यार कुनाला देऊ नको. नि जेवत्या ताटावरनं उठू नको, कुनी का हाक मारंना." आई गावाहून धसईपर्यंत आलीच नव्हती. चारचौघांत रडायला नको म्हणून ती घरीच थांबली होती.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेले त्यांना पुढचं सांगायला नको. जे गावीच राहिलात त्यांना मात्र सांगतो, कारण तुम्हाला अजून वाटतं की आम्ही तिकडे मजा मारतो. ठाण्याला एका फर्निचरच्या कॉन्ट्रॅक्टरकडे मी चिकटलो. प्लायवूड कापायचं, सनमायका चिकटवायचा, खिळा दिसू द्यायचा नाही. सोसायटीत शिरताना वॉचमन वहीत नाव लिहून घ्यायचा आणि बाहेर पडताना पिशवी उपसून बघायचा. बाबांच्या पटाशीला रोज संध्याकाळी त्याचा हात लागायचा. हत्यार कुणाला देऊ नको म्हणे! दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, कारण माणसं झोपतात. तेवढा वेळ जिन्यात बसायचं आणि कुणी वर-खाली गेलं की डबा उचलून अंग चोरायचं. जेवत्या ताटावरून मी किती वेळा उठलो, ते बाबांना कधीच सांगितलं नाही.

आणि इकडे बाबांचा काय थाट! थोरल्या दाराची चौकट उभी करायच्या दिवशी घरधनी त्यांना पाटावर बसवायचा. चौकटीला हळदकुंकू, वर आंब्याचा टाळा आणि सुताराला नारळ, शिधा, टोपी-उपरणं. सुतार जेवल्याशिवाय घरचं कुणी जेवायचं नाही. मी दहा वर्षांत शेकडो दारं बसवली, पण एकाही घरात मला कुणी नावाने हाक मारली नाही. मी सगळीकडे 'मिस्त्री'.

गावाशी धागा राहिला तो दत्तूचा. धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण अशी त्याची रोजची फेरी. महिन्यातून एकदा मी कल्याणच्या मार्केटात जाऊन त्याला गाठायचो. आईने दिलेले तांदूळ आणि गावच्या बातम्या तो एकदमच उतरवायचा. पावसाळ्यात रायत्याच्या पुलावर पाणी चढलं की तो तिथेच अडकायचा आणि टोमॅटो त्याच्यादेखत मऊ पडायचे. म्हणायचा, "लोकांना वाटतं डायवर बसून कमावतो. बसून बसून कंबर गेली रे, ती कोन बगतो?" मला त्याची कीव यायला हवी होती, पण हेवा वाटायचा. कंबर गेली तरी तो रोज परत जात होता.

मग जनूदादाने, माझ्या थोरल्या भावाने, कुडाचं घर पाडून विटांचं बांधायला काढलं. मी निरोप पाठवला: दारं मीच करणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आपल्या घरात आपल्या हातचं काही असावं, एवढीच माझी हाव होती. कॉन्ट्रॅक्टरशी भांडून आठ दिवसांची रजा घेतली. चांगला साग निवडून चौकटी ठाण्यातच जोडल्या आणि दत्तूच्या रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत घालून आणल्या. थोरल्या दाराची पूजा झाली. वहिनीने मला पाटावर बसवलं, नारळ दिला, डोक्यावर टोपी ठेवली. तेव्हा मला रडू आलं, उगाच का खोटं बोलू.

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीची चौकट लावताना गवंडी म्हणाला, "अडीच फूटच?" मी म्हटलं, "आतल्या खोलीला अडीचच असतं." बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सांदा चांगला धरलायस."

भात झोडून झालं तेव्हा मी पुन्हा दोन दिवस आलो होतो. शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवलेली आमची कणगी अंगणात आणून आईने शेणाने लिंपून वाळवली होती. बांबूची, छातीएवढी उंच, वर्षाचं भात पोटात घेणारी. ती आम्ही चौघांनी उचलली. थोरल्या दारातून आत आली आणि आतल्या खोलीच्या दारात अडली. आडवी केली, तिरकी केली, एकदा जोर लावला तर लिंपण तडकलं. आई नुसतं "अगो बाई" म्हणाली. तीन फुटांहून रुंद कणगी अडीच फुटांच्या दारातून जाणार नाही, हे पोरालाही कळतं. आणि मी, कणगीच्या सावलीत रांगत वाढलेला, घराचं माप फ्लॅटच्या बेडरूमवरून घेऊन आलो होतो. गवंड्याने विचारलंसुद्धा होतं, पण माझीच अक्कल गहाण पडली होती.

चूक कबूल करावी तर तेही नाही. मीच उलटा तडकलो, "आता कणगी कोण ठेवतं? गोण्या भरा, थप्पी लावा, संपलं!"

बाबा म्हणाले, "गोनी इकायच्या भाताला. घरच्या भाताला कनगी."

"मग चौकट लावताना का नाही बोललात? तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं. पन कामातल्या सुताराला मधी टोकत नाय. नि मला वाटलं, शेरात शिकून आलास, तू कायतरी इचार केला असशील."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. सुतार म्हणून मान दिला आणि त्या मानापायी मुलगा म्हणून टोकलं नाही, याचा राग मला आजही आहे. तो त्यांच्यावर की माझ्यावर, ते अजून ठरत नाही. पुढच्या खेपेला दार रुंद करून देतो म्हणालो आणि परत आलो. कणगी पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी उभी राहिली.

पुढची खेप शिमग्याला पडली. मोबाइल आला होता, फोन होत होते, पण मला कुणी काही कळवलं नव्हतं. जाऊन बघतो तर आतल्या खोलीला जुन्या घराची चौकट. बुटकी, रुंद, धुराने काळी झालेली, बाबांच्या हातची. सत्तरीच्या म्हाताऱ्याने भिंत फोडून घेऊन ती स्वतः बसवली होती. कणगी आत आपल्या जागी गेली होती. बाबा ओटीवर झोपले होते, मी त्यांना उठवलं नाही.

वहिनीने चहा दिला आणि अगदी मायेने म्हणाली, "भावजी, तुमची चौकट माळ्यावर ठेवलीय बरं का. साग चांगलाय, वाया कशाला घालवायचा? तुमच्या तिकडच्या घराला लागंल."

तुमच्या तिकडच्या घराला. टिटवाळ्याला मी आणि बायकोने नुकतीच चाळीत एक खोली घेतली होती, पत्र्याच्या दाराची. तिला मी कधी घर म्हटलं नव्हतं. कुणी पत्ता विचारला की आधी गावाचं नाव सांगायचो. घर म्हणजे धसईच्या पुढचं ते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बाकीच्यांनी मात्र ते माझं घर धरणं केव्हाच सोडून दिलं होतं, तेही काही राग नसताना.

दत्तूच्या टेम्पोत, वांग्यांच्या गोण्यांवर आडवी टाकून चौकट टिटवाळ्याला आणली. रविवारी पत्र्याचं दार काढलं आणि चौकट उभी करून बघितली. कुठे तासावी लागली नाही, कुठे पाचर मारावी लागली नाही. बायको म्हणाली, "बाई गं, जणू इथलंच माप घेतलं होतं!" आयुष्यात बरोबर बसलेल्या मापाचा इतका संताप मला कधी आला नव्हता.