धबधब्यापाशी लागलेला डोळा
परवा सुनेने माळ्यावरून तंबू काढला, त्याचा कुबट वास आला आणि आमच्या ह्यांची झोप आठवली. भिवंडीतले आमचे घराला लागून रात्रंदिवस खडखडणारे लूम, म्हणजे यंत्रमाग, विकले आणि त्या शांत झालेल्या घरात ह्यांचा डोळाच लागेना. मग सुनेने आम्हाला जंगलात, तंबूत राहायला नेलं. "बाबा, धबधबा शेजारीच आहे, झोपमोड होईल. तंबू लांब लावू?" हे म्हणाले, "राहू दे गं, जरा टेकतो." भजी तळून हाका मारते, तर हे घोरतायत! सून म्हणाली, "आई, एवढ्या गोंगाटात?" म्हटलं, "उठवू नको बाई, त्यांना लूम चालू हाय असं वाटतंय." भजी गार झाली तरी ह्यांना कोणी हलवलं नाही. निघताना सुनेने धबधब्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. आता रोज रात्री आमच्या खोलीत धबधबा कोसळतो, हे गाढ झोपतात आणि जागी राहते मी. पण तक्रार न्हाय.