एएनए पॉझिटिव्ह आला, तेव्हा

"एएनए पॉझिटिव्ह आहे," नागपूरच्या संधिवाताच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पॅटर्न कोणता, ते जास्त महत्त्वाचं."

शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

आम्ही गोंदियाजवळच्या दवनीवाड्याचे. हिवाळ्यात बोरिंगवर भांडी घासताना माझी बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लाल. टोकांना बधिरपणा यायचा. सासूबाईंच्या मामाला महारोग झाला होता. गावानं त्याला कसं वाळीत टाकलं, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यांनी माझा कप वेगळा केला. माझ्या तान्ह्या मुलीला स्वतःजवळ निजवू लागल्या. "लेकराले जवळ घेऊ नको वं," म्हणायच्या आणि स्वतःच रडायच्या.

आरोग्य केंद्रात तपासून महारोग नाही म्हणून सांगितलं. त्यांना पटेना. मग गोंदियाच्या डॉक्टरांनी एएनएची रक्ततपासणी करायला लावली. रिपोर्ट आल्यावर मी मोबाइलवर शोधलं. ल्युपस नावाचा आजार, किडनी निकामी होणं असं काहीबाही वाचलं आणि जेवण सुटलं.

एएनए म्हणजे अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी. आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं. ती निरोगी माणसातही सापडू शकतात. चमकणारा रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली ती चमकतात, त्या चमकेच्या नक्षीला पॅटर्न म्हणतात. माझा होता सेंट्रोमिअर: सुटे सुटे, बारीक ठिपके.

"हा पॅटर्न बहुधा स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक होणाऱ्या आजाराच्या सौम्य प्रकारात दिसतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मी नुसत्या रिपोर्टवर आजार ठरवत नाही." त्यांनी नखांच्या मुळाशी भिंगातून पाहिलं, बोटांची कातडी चिमटीत धरली, मग हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करायला सांगितला.

सासूबाईंनी विचारलं, "हे लागते का जी दुसऱ्याले?"

"नाही आजी. लेकराला खुशाल हिच्या मांडीवर द्या."

त्या रात्री मुलगी माझ्या कुशीत झोपली.

स्क्लेरोडर्माच निघाला. तो मुळातून बरा होत नाही. रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी चालू आहे, थंडीत हातमोजे असतात, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब पाहायला दरवर्षी इको होतो. आजवर ठीक आहे. रिपोर्ट हाती आला की एकट्यानं मोबाइल उघडू नका, एवढंच मला सांगायचं आहे.

परवा शेजारची सून तसाच रिपोर्ट घेऊन रडत आली. मी बोलायच्या आधीच सासूबाईंनी तिला बसवलं.

"रडून कायले राहिली? पॉझिटिव्ह म्हणजे बिमारीच रायते असं नाही वं. पयले डॉक्टरले पॅटर्न विचार."