चारीवर नुसतं दिसायचं

पाटाला पाणी सुटलं की आमच्या घोडेगावच्या बाजूला बोलणं कमी होतं आणि एकमेकांवर नजर ठेवणं वाढतं. आमचं रान पाटातून निघणाऱ्या चारीच्या जवळजवळ शेवटाला. त्यामुळे आमच्या वाट्याला पाणी कमी, नजर ठेवणं जास्त.

त्या दिवशी आमची पाण्याची पाळी पाच वाजेपर्यंत होती. नंतर पाणी ओढ्यापलीकडच्या रानाला जाणार. कांद्याचे चार वाफे राहिले होते, आणि पुढचं पाणी येईपर्यंत ते वाळले असते. पप्पा खाली दारं धरत होते, एकेका वाफ्यात पाणी वळवत होते. मला त्यांनी वर चारीवर उभं केलं. आमच्याकडे घरच्या मुलीदेखत कुणी चारी फोडून पाणी पळवत नाही. मुलीने बोलायचं नसतं, नुसतं दिसायचं. या कामाला माझ्याइतकं लायक गावात कुणी नव्हतं.

वरच्या रानातले आजोबा, आमच्या भावकीतलेच, मोबाईल घेऊन आले. इंग्रजी मेसेज आलेत, वाचून दाखव म्हणाले. माझ्या इंग्रजी शाळेचा कुणाला तरी उपयोग होतोय, याचा मला आनंद झाला. मी रिचार्जच्या जाहिराती एकेक करून मराठीत सांगितल्या. ते गंभीरपणे मान हलवत होते. चौथ्या जाहिरातीला चारीतलं पाणी घोट्याएवढं उरलं. वर पाहिलं, तर त्यांची सून खोऱ्याने शांतपणे चारी फोडत होती. रीत कुणी मोडली नव्हती. मी बघत नव्हते, एवढंच.

मी पाचवी जाहिरातही वाचली. मग म्हणाले, "आजोबा, आमचे वाफे राहिलेत."

"मग बुजव की. मी कुठं न्हाई म्हन्तो?"

मी फोडीत चिखल टाकला, तो वाहून गेला. पुन्हा टाकला. आजोबांना ते बघवेना.

"अगं, आधी गवत कोंब, मग माती. शाळेत काय शिकवत्यात तुमाला?"

त्यांची फोड मी त्यांच्याच देखरेखीखाली बुजवली. जाताना त्यांनी सुचवलं, चारीला खेकड्यानं बीळ पाडलं म्हणून बापाला सांग.

पाचपर्यंत तीन वाफे भिजले, चौथा निम्माच. मी पप्पांना खेकड्याचं सांगितलं. त्यांनी माझे कोपरापर्यंत चिखलाने भरलेले हात बघितले.

"खेकड्याची सून पन हुती का?"

मी मान डोलावली. उरलेल्या निम्म्या वाफ्यासाठी ते बादली घेऊन चारीत उतरले. पाच वाजून गेले होते, म्हणजे ते पाणी आता ओढ्यापलीकडच्यांचं होतं. मला त्यांनी चारीकडे पाठ आणि ओढ्याकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं.