सैल पडलेलं काळीज

ठाण्याच्या औषध कारखान्यात मी बेडकांची काळजं चालवत असे. पन्नासच्या दशकातली गोष्ट. बाहेर काढलेलं काळीज क्षारांच्या पाण्यात तासन्‌तास धडधडतं. त्याला जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर ठोके लिहिते. मग हृदयविकाराचं औषध, म्हणजे पानांचा अर्क, थेंबथेंब सोडायचं. किती थेंबांत काळीज थांबतं, त्यावरून औषधाची ताकद ठरायची. मी बीएस्सी, म्हणजे जगातली शहाणी! कल्याणला घरी पोचले की माझे काजळीचे हात बघून सासूबाई दारातच, "प्रयोगशाळेत जातेस की चणे भाजायला?"

त्या पाण्यात कॅल्शियम सगळ्यात शेवटी घालायचं, नाहीतर पाणी गढूळ होतं. त्या सोमवारी, चार दिवस पाहुण्यांच्या पोळ्या लाटून आलेली मी, स्वच्छ पाणी बघूनच खूश झाले. आधी अर्धा तास नुसत्या पाण्यावर ठोके बघायचे, तेही टाळलं. दोन थेंबांत काळीज बंद. वळणदार अक्षरात लिहिलं, 'अर्क प्रमाणाबाहेर जहाल.'

तो अर्क काढणारे काका पूर्वी मिठागरात होते. माझा शेरा वाचून साहेबांनी त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ते भांडले नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन बशीतल्या काळजाकडे वाकून बघत राहिले.

"बाय, आमच्या औषधानं काळीज मुठीसारखं आवळतं, पांढरं परतं. हे तर ओल्या फडक्यासारखं सैल परलंय."

"काका, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य मी अजून स्वतःला वेडावून दाखवते.

ते गेले. आवराआवर करताना कॅल्शियमची बाटली हातात आली. ओल लागू नये म्हणून बुचावर लावलेलं मेण जसंच्या तसं! म्हणजे पाण्यात कॅल्शियम पडलंच नव्हतं; त्याच्यावाचून काळीज सैल पडून थांबतं. ते मेण खरवडलं असतं, तर कुणालाही कळलं नसतं. नख लावलंसुद्धा. मग तशीच बाटली घेऊन साहेबांकडे गेले.

"पुन्हा करा. आत्ता," एवढंच ते म्हणाले.

नवं पाणी, नवा बेडूक. सुटीचा भोंगा होऊन गेला. या वेळी नेहमीइतकेच थेंब लागले आणि काळीज पांढरंफटक आवळलं. हिशेबासाठी थांबलेल्या काकांना बोलावून साहेबांनी उद्या यायला सांगितलं.

काजळी पुसली जाऊ नये म्हणून ठोक्यांचा कागद पातळ लाखेत बुडवून वाळत घालायचा होता. माझे हात वर जाईनात. दुसरं टोक काकांनी धरलं.

"जा आता घरी, बाय. तुमचं बी काळीज सैल परलंय."