दानीमामांचा कळीचा चुना

“जल्मभर आमाला शिकिवलं, पानी आधी, चुना मागून. अन् सोता इसरला गडी,” भाऊसाहेब अंगणात शेजारच्यांना सांगत होते. “न्हाईतर डोळा कशाला गेला असता?” भाऊसाहेब म्हणजे दानीमामांचे साखर कारखान्यातले सोबती. मामांना जाऊन तीन आठवडे झाले होते. घरातली प्रार्थना नुकतीच संपली होती आणि मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते...

मामा कारखान्यात उसाचा रस निवळायचं काम बघायचे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून रसात सोडला की मळी खाली बसते. एकदा त्यांनी मला काचेच्या उभ्या नळीत ते दाखवलं. हिरवट ढग सावकाश उतरत गेले आणि वर मधाच्या रंगाचं ऊन उरलं. “बोलू नको, नुसतं बघ,” मामा म्हणाले. न बोलणं मला एरवीही जमायचं. इंग्रजी शाळेतून आले की मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषा घशातच राहायच्या. मामांना त्यांची गरज वाटत नसे.

दर वर्षी, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाआधी, आम्ही भिंगारला आजी-आजोबांच्या कबरींना चुना द्यायचो. तो घरीच विरवायचा. मामा पाण्याच्या बादलीत एकेक खडा सोडत. खडा सुस्कारा टाकी, कोमट वाफ गालाला लागे. मी नऊ वर्षांची असताना ते ब्रश आणायला आत गेले. मी सगळे खडे कोरड्या बादलीत टाकले आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. चुना खदखदला. मामा धावले, मला मागे ढकललं, आणि उडालेला चुना त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. दवाखान्यात ते एवढंच म्हणाले, “चुकलं माझंच.” माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, मुद्दाम, कुणाचं लक्ष माझ्याकडे जाऊ नये म्हणून.

डोळा गेला. त्यांना रसाजवळून उठवून गोदामात बसवलं. सोबती भेटले की विचारायचे, “काय दानी, आधी पानी का चुना?” मामा हसायचे. कबरीवरचा ओला चुना आधी दिसतच नाही, सुकेल तसा उजळत जातो... मी ते बघत बसायचे, त्यांच्या उजव्या बाजूला, जिकडून मी त्यांना दिसायचे.

मी ट्रे घेऊन अंगणात गेले. “ये पोरी, बस,” भाऊसाहेब कप घेत म्हणाले. मामी बाजूलाच होत्या. मी उभीच राहिले.

“मामा विसरले नव्हते, भाऊसाहेब. ते पाणी मी ओतलं होतं.”